ऋतूंचे साहित्य आणि देशांचे साहित्य

आषाढ लागला की दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' काढावे आणि त्यातले त्या महिन्याचे प्रकरण घरात मोठ्याने वाचावे, असा आमच्याकडे अनेक वर्षांचा परिपाठ आहे. बदलीच्या नोकरीत ज्या ज्या गावी बिऱ्हाड हलले, त्या त्या गावी भांड्यांच्या आधी हे पुस्तक पोचले. म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूर येथे मात्र ह्या परिपाठाला प्रथमच धक्का बसला. वाचन चालू असताना मंडळींनी खिडकीकडे पाहिले आणि म्हटले, "अहो, हा आषाढ इथला नव्हे."

खिडकीबाहेर खरोखरच निराळे काही चालले होते. ढग पश्चिमेकडून भराभर येत होते आणि न थांबता पूर्वेकडे निघून जात होते. वारा असा की दारे बांधून ठेवावी लागत. कानडी मुलखात आषाढाची ओळख पावसाने होत नाही, ह्या वाऱ्याने होते. अंगण कोरडे होते. आणि गावाजवळून वाहणारी कावेरी मात्र काठोकाठ भरलेली होती. पाऊस पडत होता तो दूर कोडगूत. इथे नुसते त्याचे पाणी येत होते.

माझी तक्रार 'ऋतुचक्रा'विरुद्ध नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. १९५६ साली आलेल्या ह्या पुस्तकाने मराठी गद्याला जे दिले त्याचे मोल आमच्या पिढीने पुरेपूर जाणले आहे. दुर्गाबाईंपूर्वी आपल्या लेखनात वृक्ष होते, लता होत्या, पक्षी होते. पण ती बहुधा जातिवाचक नामे होती. दुर्गाबाईंनी झाडाला त्याच्या नावाने हाक मारली, त्याच्या पालवीचा रंग कोणत्या आठवड्यात कसा बदलतो ते पाहिले, आणि संस्कृत काव्यातला संकेत, लोककथा व स्वतःचा डोळा ह्या तिन्हींना एकाच वाक्यात नांदवले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांचे बारा लेख. परंतु त्यांतला एकही पंचांगासारखा वाटत नाही. मला जे म्हणायचे आहे ते पुस्तकाच्या रचनेविषयी, आणि त्या रचनेमागच्या आपल्या सर्वांच्या सवयीविषयी आहे. हे पुस्तक 'केव्हा?' ह्या प्रश्नाला अतिशय समृद्ध उत्तर देते. 'कुठे?' हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. मुंबईकर लेखिकेच्या डोळ्यांपुढचा पश्चिम किनारा आणि त्यामागचा सह्याद्री हे त्यातले 'येथे' आहे, आणि ते इतके गृहीत आहे की त्याचा उच्चारही करावा लागत नाही. जो वाचक त्या 'येथे'च्या आत राहतो त्याला ही गोष्ट कधी जाणवायची नाही. ती जाणवायला बदलीचा हुकूम हाती पडावा लागतो.

ह्यात गंमत अशी की पंचांग दोन्हीकडे एकच आहे. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात शालिवाहन शकच चालतो, महिने अमान्तच मोजतात, त्यांची नावेही तीच. पावसाची नक्षत्रेसुद्धा दोन्हीकडचे शेतकरी मोजतात. परंतु आपला शेतकरी जूनच्या पहिल्या आठवड्यात निघणाऱ्या मृगाकडे डोळे लावून बसतो, तर इथला शेतकरी एप्रिलच्या अखेरीस लागणाऱ्या भरणीपासूनच पावसाचा हिशेब धरतो. म्हैसूरच्या पावसाचा आलेख काढला तर त्याला दोन शिखरे दिसतात. एक मे महिन्यात, दुसरे सप्टेंबर-ऑक्टोबरात. आणि ज्या जून-जुलैत कोकण पाण्याखाली असते ती ह्या आलेखातली दरी असते. वर्षाचा एकूण पाऊस ८०० मिलिमीटरांच्या आसपास. म्हणजे आषाढ दोन्हीकडे एकाच तिथीला लागतो, पण झाडांना तो तसा कळत नाही. एकच पंचांग दोन भिन्न आकाशांखाली टांगलेले असते.

ही सवय आपल्याला मिळाली ती संस्कृत काव्याकडून. 'ऋतुसंहारा'ने सहा ऋतूंचा जो साचा घालून दिला तो पुढे सर्गबद्ध महाकाव्यांत ऋतुवर्णनाच्या रूपाने सक्तीचाच झाला, आणि पंडित कवींनी तो मराठीत आणला. कोणी म्हणेल की 'मेघदूत' विसरता काय? विसरलो नाही. रामगिरीपासून अलकेपर्यंतचा मेघाचा मार्ग हा प्रदेशांचाच मार्ग आहे. वाटेतल्या प्रत्येक ठिकाणाला त्याचे स्वतःचे झाड, नदी, पक्षी आहेत. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे म. म. मिराशींचे मत मान्य केले तर ह्या अपूर्व काव्याची सुरुवात आपल्याच भूमीत होते. पण त्याचे अनुकरण पुढच्या दूतकाव्यांनी केले ते मुख्यतः दूताचे. देशाच्या अंगाने जाणारी ती वाट फारशी कोणी चालले नाही.

खरी आश्चर्याची गोष्ट वेगळीच आहे. प्राचीन भारताला प्राणी आणि देश ह्यांचा संबंध ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. फक्त ते ज्ञान कवींच्या हाती न जाता वैद्यांच्या आणि धर्मशास्त्रकारांच्या हाती राहिले. चरक-सुश्रुतांनी भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे भेद केले. जांगल म्हणजे आजच्या अर्थाचे घनदाट जंगल नव्हे. जिथे पाणी थोडे, झाडी विरळ आणि काटेरी, हवा कोरडी, तो प्रदेश जांगल. पाणथळ आणि दाट झाडीचा तो आनूप. मग प्राण्यांची विभागणी त्यांच्या राहण्याच्या देशावरून केली, आणि मांसाचे गुण त्या देशावरून सांगितले. फ्रान्सिस झिमरमान ह्या फ्रेंच पंडिताने १९८२ साली ह्या विषयावर एक संपूर्ण ग्रंथ लिहून दाखवले की आयुर्वेदातला हा विचार म्हणजे एक प्रकारचा प्राणिभूगोलच आहे. मनुस्मृतीत तर काळवीट जिथे स्वभावतः हिंडते तो देश यज्ञाला योग्य, असा निकष आहे. एका प्राण्याच्या वावराची सीमा ही एका संस्कृतीची सीमा मानली गेली. ह्याहून धीट भौगोलिक विधान आधुनिक शास्त्रज्ञही करणार नाही.

चरकाचे एक सूक्ष्म निरीक्षण इथे बन्नूरात बसून वाचताना मला विशेष भावले. सर्व प्राणी देशवार वाटून झाल्यावर शेळी आणि मेंढी ह्या दोघींपाशी तो अडतो. त्यांचा वावर मिश्र आहे, म्हणून त्यांचा वर्ग निश्चित करता येत नाही, असे सांगून त्यांना मोकळे सोडतो. बन्नूरची कीर्ती ज्या एका प्राण्यामुळे दूरवर पसरली आहे तो प्राणी मेंढीच आहे. बुटकी, भरदार, बिनशिंगी, पांढऱ्या अंगाची; मागून पाहिले तर मांड्यांची कमान उलट्या केलेल्या नालासारखी दिसते. तिला मंड्या मेंढी म्हणतात, मळवळ्ळी तालुक्यातल्या बंडूर गावावरून बंडूर मेंढीही म्हणतात, आणि बाजारात बन्नूर. तिचा मूळ मुलूख अगदी लहान, मंड्या जिल्हा आणि त्याला लागून असलेला म्हैसूरचा थोडा भाग, एवढाच. बंगळूरच्या खाटकांना विचाराल तर मात्र त्यांच्या दुकानातली प्रत्येक मेंढी बन्नूरचीच असते. चरकाने जिला देश नाकारला तिला गिऱ्हाइकांनी देश मिळवून दिला!

ह्याच कावेरीच्या काठाने खाली उतरत गेले की तमिळ देश लागतो, आणि तिथे काव्यशास्त्राचे एक अगदी वेगळे दालन उघडते. संघकाळच्या तमिळ प्रेमकाव्याची मांडणी ऋतूंवर नाही, भूमीवर आहे. 'तोल्काप्पियम्' ह्या प्राचीन ग्रंथात पाच 'तिणै' सांगितल्या आहेत. डोंगराची कुरिंजी, कुरणारानांची मुल्लै, नदीकाठच्या भातशेतीची मरुतम्, समुद्रकाठची नेय्दल् आणि होरपळलेल्या माळाची पालै. त्यांतल्या बहुतेक नावांमागे एकेक फूल वा झाड आहे. आणि प्रत्येक भूमीला तिचे पक्षी, तिचे पशू, तिचे वाद्य, तिच्या माणसांचा धंदा, तिचा प्रहर आणि तिचा ऋतूसुद्धा नेमून दिलेला आहे. इतकेच नव्हे, तर प्रत्येक भूमीला प्रेमाची एकेक अवस्था आहे. डोंगरात मीलन, रानात वाट पाहणे, शेतीच्या मुलखात रुसवा, समुद्रकाठी व्याकुळता, माळावर ताटातूट. कवीने एका पक्ष्याचे नाव घेतले की वाचकाला भूमी कळते, आणि भूमी कळली की मनःस्थिती कळते. ऋतूला इथे जागा आहे. पण तो देशाच्या घरात भाडेकरू म्हणून राहतो. आपल्याकडे ह्याच्या उलट झाले.

ही पद्धत यांत्रिक होऊ शकते, आणि उत्तरकाळात ती तशी झालीही असेल. त्याबद्दल मी इथे भांडत नाही. माझ्या मनाला जी गोष्ट लागली ती एका झुडपाची आहे. कुरिंजी हे निलगिरी, अण्णामलै आणि पळणीच्या उंच डोंगरांवर उगवणारे झुडूप. बारा वर्षांनी एकदा सगळा डोंगर निळा करते. २००६ साली ते फुलले होते, मग २०१८ साली फुलले. शास्त्रज्ञ त्याला ज्या प्रजातिकुळात घालतात त्याचे नाव स्ट्रोबिलँथेस. आता आपल्या सह्याद्रीतली कारवी पाहा. तीही स्ट्रोबिलँथेसच, कुरिंजीची सख्खी चुलत बहीण. सात-आठ वर्षांनी फुलते, डोंगराचे डोंगर जांभळे करते, फुलून झाले की मरते. आपण तिचे काय केले? तिच्या काठ्या तासल्या, शेणमातीने लिंपून कुडाच्या भिंती केल्या. कारवीच्या मधाचे कौतुक केले. कोकणातल्या आणि मावळातल्या किती पिढ्या तिच्या भिंतींच्या आत जन्मल्या आणि मेल्या! परंतु मराठी काव्यशास्त्रात तिच्या नावावर एकही संकेत जमा नाही. एकाच कुळातल्या दोन बहिणी. एक तमिळांच्या काव्याची अधिष्ठात्री झाली, दुसरी आमच्या घराची भिंत. जी वनस्पती वर्षाला एकदा फुलत नाही तिला बारा महिन्यांच्या चौकटीत बसवणार तरी कुठे?

येथवर मी साहित्याबद्दल बोललो. पण हा केवळ साहित्यिक संकेतांचा झगडा नाही, कारण निसर्गाच्या वाटपाविषयी विज्ञानाने जे शोधले आहे ते बहुतांशी 'कुठे?' ह्याच प्रश्नातून निघाले आहे. हम्बोल्टने पर्वताच्या उंचीबरोबर वनस्पती कशा बदलतात ते मांडले. आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८७६ साली प्राण्यांच्या भौगोलिक वाटपावर दोन खंड लिहिले आणि त्यांत सिंहलद्वीपासह दक्षिण भारताच्या टोकाला उर्वरित भारतापासून वेगळा उपप्रदेश मानले. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना जातींची संख्या कमी होत जाते, हा ह्या शास्त्रातला सर्वांत ढोबळ आणि सर्वांत चिवट नियम. तो का, ह्यावर अजून एकमत नाही. सूर्याची उष्णता, प्रदेशाचे वय, त्याचा विस्तार, अशी अनेक उत्तरे पुढे येतात आणि एकमेकांशी भांडतात.

हाच नियम लहान प्रमाणावर आपल्या सह्याद्रीत पाहायला मिळतो, आणि मराठी वाचकाच्या अभिमानाला तो थोडा टोचणारा आहे. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर लांबीच्या ह्या रांगेत सदाहरित वृक्षांच्या जाती दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना गळत जातात. सिंहपुच्छ माकड उत्तर कन्नडातल्या शिरसी-होन्नावरच्या रानांच्या वर आज सापडत नाही. निलगिरी ताहर हा डोंगरी बोकड निलगिरीच्या वर येतच नाही. आपण म्हणतो, आमच्याकडे पाऊस काय कमी आहे? महाबळेश्वरला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो! पडतो खरा, पण तो चार महिन्यांत पडून जातो. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतील पास्काल प्रभृतींनी १९८० च्या दशकात घाटातल्या सदाहरित रानांचे जे नकाशे आणि अभ्यास प्रसिद्ध केले, त्यांतून दिसते की रानाचे भवितव्य पाऊस किती पडला ह्यापेक्षा कोरडे महिने किती गेले ह्यावर फार अवलंबून असते. केरळच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन-तीन, खंडाळा-महाबळेश्वराकडे सात-आठ. म्हणून महाबळेश्वरचे सदाहरित रान बुटके राहते; जांभूळ, अंजनी, पिसा ह्यांचीच तिथे गर्दी.

ह्या एका गोष्टीचा विचार आपल्या समीक्षेने करावा असे मला फार वाटते. मराठी साहित्यात पावसाचे वर्णन विपुल आहे, आणि ते बहुधा त्याच्या जोराचे वर्णन आहे. मृगाची पहिली सर, मातीचा वास, घाटातले धबधबे. परंतु ज्या गोष्टीने आपले रान घडवले ती गोष्ट म्हणजे पावसाळ्यानंतरचे आठ महिने. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत ताणत जाणाऱ्या ह्या कोरडेपणाला आपण दोन ऋतूंमधली प्रतीक्षा मानले. त्याचा स्वतंत्र विषय केला तो फार थोड्या लेखकांनी.

आता ह्यावरून उत्तर सह्याद्री दरिद्री ठरतो, असे कोणी समजू नये. झाडांच्या बाबतीत तो दक्षिणेपुढे उणा. पण सड्यांच्या बाबतीत त्याला तोड नाही. कासच्या पठारावर कातळाच्या वीतभर मातीत ज्या वनस्पती पावसाळ्यातले चार आठवडे जगतात, त्यांतल्या कितीतरी जगात दुसरीकडे कुठे नाहीत. कंदीलपुष्पाच्या अनेक जाती ह्याच उत्तर भागापुरत्या आहेत. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारशात गेली, त्यांत महाराष्ट्राची कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी अशी ४ आहेत. कासचा समावेश झाला तो उंच झाडांच्या बळावर नव्हे. ज्या कोरड्या महिन्यांनी वृक्ष हाकलले त्यांनीच ह्या अल्पायुषी फुलांना जागा करून दिली. श्रीमंती आणि गरिबी हे शब्द इथे तोकडे पडतात. आपल्या ललित लेखकांनी हे शब्द बदलून द्यायला हवे होते.

अशा वेळी आपल्याकडच्या 'प्रादेशिक' म्हटल्या जाणाऱ्या साहित्याकडे पुन्हा पाहावेसे वाटते. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' १९५२ चा, गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' १९५५ ची. त्याच वर्षी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आली. समीक्षकांनी ह्या कादंबऱ्यांना प्रादेशिक म्हटले ते बोलीमुळे, रूढींमुळे, माणसांच्या नमुन्यांमुळे. प्रदेश म्हणजे भाषेचा एक विशेष, अशी जणू आपली व्याख्याच होऊन बसली. तिच्यामुळे 'बनगरवाडी'चे खरे सामर्थ्य निम्मेच सांगितले गेले, असे माझे मत आहे. ती कादंबरी माणसांची आहेच. पण तिच्या कथानकाला पुढे नेणारी शक्ती माणदेशाचे पर्जन्यमान ही आहे. धनगर तिथे का आहेत, वस्ती इतकी विरळ का, आणि शेवटी गाव का उठते, ह्या सर्व प्रश्नांचे उत्तर त्या माळावर काय उगवते आणि काय उगवत नाही ह्यात आहे. मेंढरू ह्या कादंबरीत नेपथ्य नाही. माणूस आणि माळ ह्यांना जोडणारा दुवा तेच आहे. तमिळ रसिकाने ती वाचली तर तो क्षणात म्हणेल, ही पालै. आणि आपणां बदलीवाल्यांना तर तिच्यातला मास्तर विशेष जवळचा वाटावा. तोही नेमणुकीच्या कागदावरच त्या वाडीत गेला होता.

बन्नूरच्या बाजारात उभे राहून मी ह्या कादंबरीचा पुष्कळदा विचार केला. बनगरवाडीच्या मुलखातली दख्खनी मेंढी काळी, काटक, जाड लोकरीची. तिची घोंगडी होते, आणि ती मैलोगणती चालते. बन्नूरची मेंढी पांढरी, आखूड केसांची, चालण्यापेक्षा अंग धरण्यात हुशार. दोघींमध्ये अंतर काही शे किलोमीटरांचे आणि काही महिन्यांच्या कोरडेपणाचे. तिकडचा धनगर आणि इकडचा कुरुब हे भाऊ शोभावेत इतके सारखे, तिकडचा बिरोबा तोच इकडचा बीरेश्वर. पण मेंढी बदलली, आणि मेंढीबरोबर अंगावरचे पांघरूण, चालण्याची लांबी, वस्तीचा आकार हे सर्व बदलले. 'बनगरवाडी' बन्नूरात घडू शकली नसती. प्रादेशिक कादंबरीची कसोटी मी ह्या एका वाक्यात बसवीन: तिचे कथानक उचलून दुसऱ्या हवेत ठेवले तर ते टिकते काय? टिकत असेल तर प्रदेश नुसता रंगवलेला होता.

कानडीत ह्या कसोटीला उतरणारी एक लहानशी कादंबरी आहे, पूर्णचंद्र तेजस्वींची 'कर्वालो', १९८० ची. मलनाडच्या रानात एक शास्त्रज्ञ आणि त्याच्याबरोबर गावची काही मंडळी एका उडत्या सरड्याच्या शोधात निघतात, एवढीच तिची गोष्ट. पण त्या सरड्याचे 'तिथे असणे' हेच कथानक आहे. विद्वान कर्वालो आणि मधमाश्या पाळणारा खेडवळ मंदण्णा हे दोघे एकाच ज्ञानाच्या दोन टोकांना उभे आहेत, आणि लेखक कोणाचीही टिंगल करत नाही (मंदण्णाची थोडी करतो, पण प्रेमाने). आपल्याकडे ह्याच्या जवळ जाणारे लेखन मारुती चितमपल्लींचे. वनाधिकारी म्हणून ते नवेगाव, नागझिरा, मेळघाट असे हिंडले, आणि प्रत्येक बदलीने त्यांच्या लेखनात एक नवा देश आणला. मराठीला त्यांनी शब्द दिले. पाणपक्ष्यांच्या घरट्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' हा त्यांचा शब्द इथे मद्दूर तालुक्यातल्या कोक्करे बेळ्ळूरला गेल्यावर माझ्या तोंडी सहज आला. गावातल्या चिंचांवर चित्रबलाक आणि झोळीवाले पक्षी घरटी करतात, आणि गावकरी त्यांना माहेरवाशिणींसारखे वागवतात. कानडी यजमानांना मी तो शब्द सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि आपल्या वहीत उतरवून घेतला. चितमपल्ली २०२५ साली गेले. त्यांच्या लेखनात उणे काय म्हणाल, तर एक रान दुसऱ्या रानाशेजारी ठेवून पाहणे त्यांत क्वचितच आहे. नवेगावचे नवेगावी, मेळघाटचे मेळघाटी. तुलना वाचकाने करायची.

मेळघाटाचे नाव निघाले म्हणून आठवले. १९४० च्या दशकात सुंदरलाल होरा ह्या प्राणिशास्त्रज्ञांनी एक सिद्धान्त मांडला होता. वेगवान डोंगरी प्रवाहांत राहणारे काही मासे पूर्व हिमालयात आणि मलायात सापडतात, आणि मग एकदम दक्षिण सह्याद्रीत. मधल्या हजारो मैलांत नाहीत. होरांचे म्हणणे, हे मासे पूर्वीच्या थंड-ओलसर काळात विंध्य-सातपुड्याच्या रांगेवरून पश्चिमेकडे आले आणि तिथून सह्याद्रीने खाली उतरले. म्हणजे आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या उत्तर सीमेवरचा सातपुडा हा कधी काळी राजमार्ग होता. आज आनुवंशिक पुरावा सांगतो की सर्वांची वाट एक नव्हती. काही कुळे त्याच्या कितीतरी आधी वेगळी झाली. २००३ साली केरळात ज्या जांभळ्या बेडकाची नोंद शास्त्राने केली, आणि ज्याला संस्कृत 'नासिका' शब्दावरून नाव मिळाले, त्याचे जवळचे नातलग सातपुड्यात नाहीत, सेशेल्स बेटांवर आहेत. भारतभूमी आफ्रिकेपासून तुटली त्या काळाची ती आठवण. परंतु होरांचा सिद्धान्त पूर्ण टिकला नाही तरी त्यातली कल्पनाशक्ती मला आजही मोहवते. मासे डोंगरावरून चालत येतात, हे एका शास्त्रज्ञाने गंभीरपणे लिहिले, आणि आमच्या एकाही कवीला त्याचा पत्ता लागला नाही!

आणि मासे चालत आले नाहीत तरी त्यांना बदलीवर पाठवता येते. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी. दख्खनच्या आकडेवारीच्या कामावर असताना त्याने इथले पक्षी आणि मासे गोळा केले, आणि १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या एका महसीराचे शास्त्रीय वर्णन केले. लोकांच्या तोंडचे नाव त्याने ऐकले तसे लॅटिनात नेले. म्हणून आज तो मासा जगभर 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जातो. पुढे १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची पैदास झाली आणि पिले देशभरच्या नद्यांत सोडली गेली. हेतू उदार होता. महसीर नाहीसे होत होते. त्यांतली काही कावेरीतही आली. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, महसीरांतला सर्वांत मोठ्यांपैकी एक. गळाने मासे धरणाऱ्यांनी ठेवलेल्या नोंदींवरून संशोधकांनी २०१५ साली दाखवले की निळसर परांचा पाहुणा वाढत गेला तसतसा कुबडवाला मूळ रहिवासी दिसेनासा होत गेला. त्या मूळ रहिवाशाला नेमके शास्त्रीय नाव मिळाले ते २०१८ साली, टॉर रेमादेवी. आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीतही गेला. ज्याचे बारसे आणि मरणपंथाची नोंद एकाच वर्षी झाली असा दुसरा प्राणी मला माहीत नाही.

पुण्याच्या नदीचे मराठी नाव लावून आलेला हा मासा बन्नूरच्या पुलाखालून जात असेल, हे कळल्यापासून मी त्या पुलावर पूर्वीसारखा निश्चिंत उभा राहत नाही. परमुलखात आल्यावर तिथल्या भाषेची, खाण्याची, देवाधर्माची चौकशी करणारे आपण, तिथे आपल्या आधी कोण राहत होते आणि पाण्यात कोण होते, ही चौकशी किती करतो? 'ऋतुचक्रा'ला जोड म्हणून जे पुस्तक मला हवे आहे ते महिन्यांच्या नावांनी भागलेले नसेल. त्यातली प्रकरणे अशी असतील: सडा, घाटमाथा, मावळ, माळ, खाडी, खोरे. हे शब्द आपल्याकडे आहेत, शेतकऱ्याच्या आणि गुराख्याच्या तोंडी आहेत. सातबाऱ्यावरसुद्धा त्यांतले काही सापडतात. कावेरीकाठी जो अर्जुन उभा आहे त्याला कानडीत होळेमत्ती म्हणतात, म्हणजे नदीवरचा मत्ती. आणि मत्ती म्हणजे आपला ऐन, ज्याला आपण सादडाही म्हणतो. मराठीतही अर्जुनाचे एक नाव अर्जुनसादडा. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता नदीवरच्या झाडाची ओळख रानातल्या भावावरून पटवली. तमिळात ह्याच झाडाला मरुदमरम् म्हणतात, आणि अनेकांच्या मते 'मरुतम्' ही तिणै त्याच्याच नावाची. त्या हिशेबाने बन्नूरचा कालवे आणि भातशेतीचा हा मुलूख मरुतम् ठरतो; रुसव्याचा देश.

आमच्या घरी परिपाठ अजून चालू आहे. गेल्या आषाढात मंडळींनी मात्र प्रकरण वाचायला घेण्यापूर्वी पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक ओळ लिहून टाकली: 'वाचावे, कोकणात.'